कडाक्याच्या थंडीत हीट पंप की गॅस फर्नेस?

हिवाळा खरोखर कडक असलेल्या प्रदेशात घर तापवायला हीट पंप (विजेवर चालून बाहेरच्या हवेतील उष्णता आत आणणारे यंत्र) घ्यावा की गॅस फर्नेस (गॅस जाळून तापवलेली हवा घरात सोडणारी भट्टी), ही चर्चा बहुधा ‘उणे वीस अंशांना हीट पंप चालतो का?’ या एकाच शंकेवर अडते. चालतो. थंड हवामानासाठी बनवलेली इन्व्हर्टर कॉम्प्रेसरची यंत्रे आता उणे २५ अंश सेल्सिअसपर्यंत काम करतात आणि मित्सुबिशीच्या हायपर हीट श्रेणीतील काही यंत्रांसाठी उणे १५ अंशांवरही पूर्ण नामांकित क्षमतेची हमी दिली जाते. ग्राहकाने विचारायला हवे ते वेगळेच: त्या तापमानाला एक युनिट विजेमागे किती उष्णता पदरात पडते, आणि तेवढीच उष्णता गॅसने किती पैशांत मिळाली असती?

फर्नेसचा हिशेब सरळ आहे. धुरातील वाफेची उष्णताही वसूल करणारी कंडेन्सिंग फर्नेस इंधनातील ९० ते ९८ टक्के ऊर्जा घराला देते, साधी सुमारे ८० टक्के, आणि बाहेर कितीही गारठा पडला तरी त्यात फारसा फरक पडत नाही. हीट पंप बाहेरच्या हवेतील उष्णता आत उपसून आणतो, त्यामुळे सौम्य थंडीत तो एका युनिट विजेमागे तीन-चार युनिट उष्णता देतो, म्हणजे त्याचा गुणांक तीन-चार असतो. पारा उणे १५च्या आसपास उतरला की चांगल्या यंत्राचाही हा गुणांक दोनच्या जवळ येतो. समजा, समान ऊर्जेसाठी वीज गॅसच्या तिप्पट महाग आहे. मग ९५ टक्के कार्यक्षम फर्नेसशी बरोबरी साधायला हीट पंपाचा गुणांक सुमारे २.८५ हवा, आणि वीज दुप्पटच महाग असेल तर १.९ पुरतो. विक्रेते नॉर्वेचा दाखला हमखास देतात, पण तिथली घरे मुख्यतः विजेवरच तापत आली आहेत. साध्या विद्युत हीटरच्या जागी हीट पंप बसवला तर बचत ठरलेलीच; गॅसच्या जागी बसवताना तो दाखला जसाच्या तसा लागू पडत नाही.

वापरातला फरकही जाणवण्यासारखा आहे. फर्नेसच्या झरोक्यातून ५०-६० अंशांची झळ येते आणि थोड्या वेळात थांबते. हीट पंपाची हवा ३५-४० अंशांची, हाताला जेमतेम कोमट, पण ती तासन्‌तास संथपणे येत राहते आणि खोलीचे तापमान अधिक स्थिर राहते. दमट थंडीत हीट पंपाच्या घराबाहेरच्या युनिटमधील कॉइलवर, म्हणजे हवेतील उष्णता शोषणाऱ्या नळ्यांवर, हिम साचते, तेव्हा यंत्र काही मिनिटे उलटे फिरून घरातील उष्णता बाहेर नेते. युनिटमधून वाफेचा लोट उठतो, वितळलेले पाणी खाली ठिबकते आणि गोठून बर्फाचा थर धरते. म्हणून युनिट जमिनीपासून उंच स्टँडवर बसवणे आणि पाण्याच्या निचऱ्याची सोय करणे अत्यावश्यक आहे. बसवणारे इथेच सर्रास हयगय करतात.

फर्नेसचे दोषही लहान नाहीत. उष्णता-विनिमयकाला, म्हणजे ज्वाळेची उष्णता घरातील हवेला देणाऱ्या भागाला, तडा गेल्यास कार्बन मोनॉक्साइड घरात शिरण्याचा धोका असतो, त्यामुळे त्याचा डिटेक्टर लावायलाच हवा. वीज गेली तरी गॅसवर घर उबदार राहील, हा समजही खोटा आहे, कारण फर्नेसचा पंखा आणि प्रज्वलन विजेवरच चालतात. शिवाय उन्हाळ्यात गारवा हीट पंपच देतो. वातानुकूलन यंत्र तसेही घ्यायचे असेल तर दोन्हींच्या किमतीची तुलना त्याचा खर्च धरूनच करावी.

ज्यांची फर्नेस सुस्थितीत आहे, त्यांनी ती न काढता जोडीला हीट पंप बसवावा आणि बाहेरचा पारा ठरावीक अंशांखाली गेला की थर्मोस्टॅटने गॅसकडे वळावे, ही व्यवस्था मला सर्वांत व्यवहार्य वाटते. हिवाळ्यातले बहुतेक तास त्या टोकाच्या रात्रीइतके थंड नसतात. केवळ हीट पंपावर राहायचे असेल, तर माहितीपत्रकातील, बाहेर ८ अंश तापमान धरून दिलेल्या क्षमतेच्या आकड्यावर न भुलता आपल्या भागातील नीचांकी तापमानाला मिळणारी क्षमता लेखी मागावी आणि ती घराच्या उष्णता-गळतीशी ताडून पाहावी. वीज गॅसच्या चौपट महाग, उन्हाळा सौम्य आणि गॅसची जोडणी घरात आधीच आलेली, अशा ठिकाणी मात्र मी कंडेन्सिंग फर्नेसच घेईन.