पोस्टाची ज्येष्ठ नागरिक बचत योजना : निवृत्तांसाठी कितपत उपयुक्त?

निवृत्तीनंतर हाती आलेली रक्कम शेअर बाजाराच्या चढउतारांपासून दूर ठेवून तिच्यातून ठरावीक उत्पन्न मिळवायचे असेल, तर पोस्टाची ज्येष्ठ नागरिक बचत योजना हा माझ्या मते सर्वांत भरवशाचा पर्याय आहे. वडिलांचे खाते उघडल्यापासून मी तिचे व्यवहार जवळून पाहत आलो आहे.

एप्रिल २०२३ मध्ये या योजनेचा व्याजदर ८.२ टक्के झाला आणि गुंतवणुकीची कमाल मर्यादा १५ लाखांवरून ३० लाखांवर गेली. अल्पबचतीचे दर सरकार दर तिमाहीला जाहीर करते; परंतु पैसे भरतानाचा दर त्या खात्याला पाच वर्षे कायम राहतो, आणि योजनेचे खरे बळ मला यातच दिसते. ८.२ टक्क्यांनी १५ लाख रुपये ठेवले, तर एप्रिल, जुलै, ऑक्टोबर आणि जानेवारीच्या आरंभी प्रत्येकी ३०,७५० रुपये मिळतात, त्यामुळे औषधपाण्यापासून सोसायटीच्या देखभाल खर्चापर्यंतचा हिशेब आधीच मांडता येतो. पती-पत्नी दोघांनीही साठी ओलांडलेली असल्यास दोघांना स्वतंत्र खाती उघडता येतात.

खाते उघडण्यासाठी अर्ज, पॅन, आधार, छायाचित्रे आणि धनादेश एवढे पुरले. खिडकीवरील बाईंनी वारसाच्या नावाचा रकाना कोरा राहिल्याचे पाहून अर्ज परत दिला आणि तो भरून घेतल्यावरच पुढचे काम हाती घेतले. वृद्धांच्या ठेवींबाबत अशी दक्षता फार मोलाची असते.

मर्यादाही स्पष्ट सांगायला हव्यात. व्याज पूर्णपणे करपात्र आहे. एप्रिल २०२५ पासून ज्येष्ठांना वर्षाला एक लाख रुपयांपर्यंतच्या व्याजावर उद्गम करकपात (टीडीएस, म्हणजे व्याज देतानाच कर कापून घेणे) होत नाही, परंतु त्याचा अर्थ ते व्याज करमुक्त आहे असा नाही. व्याज मुद्दलात मिळवले जात नसल्यामुळे रक्कम वाढत नाही, आणि महागाईने तिची क्रयशक्ती घटत जाते. म्हणून ज्यांचे निवृत्तिवेतन पुरेसे आहे आणि ज्यांना या व्याजाची तूर्त गरज नाही, त्यांना मी ही योजना सुचवणार नाही.

अडीनडीला लागणारा पैसा तर येथे अजिबात गुंतवू नये. वर्षाच्या आत खाते बंद केले, तर दिलेले व्याज मुद्दलातून वळते करून घेतात. दुसऱ्या वर्षात मुद्दलाच्या दीड टक्का आणि त्यानंतर मुदत पूर्ण होईपर्यंत एक टक्का रक्कम कापली जाते. पाच वर्षांनंतर तीन वर्षांची मुदतवाढ घेता येते, मात्र तिला मुदत संपलेल्या दिवशीचा दर लागू होतो आणि त्यासाठीचा अर्ज एका वर्षाच्या आत द्यावा लागतो. मुदतवाढही घेतली नाही आणि पैसेही काढले नाहीत, तर पुढे केवळ बचत खात्याच्या दराने व्याज मिळते, तेव्हा मुदत संपण्याची तारीख घरातील आणखी कोणाला तरी ठाऊक असू द्यावी.