अपंगत्व पेन्शन मिळवून देतो म्हणणाऱ्या मध्यस्थाचा आम्हाला आलेला अनुभव

माझे थोरले बंधू तोफखान्यातून हवालदार म्हणून २०१८ मध्ये निवृत्त झाले. वर्षानुवर्षे तोफेजवळ काम केल्यामुळे त्यांना दोन्ही कानांनी कमी ऐकू येते आणि फोनवरचे बोलणे तर जवळजवळ समजतच नाही. निवृत्तीच्या वेळच्या मेडिकल बोर्डाने हे अपंगत्व २० टक्के आणि कायमचे ठरवले. मात्र ते लष्करी सेवेमुळे उद्भवलेले नाही आणि सेवेमुळे वाढलेलेही नाही, असा शेरा मारला. त्यामुळे नेहमीची पेन्शन सुरू झाली, पण अपंगत्वाचा घटक नाकारला गेला. नकाराच्या पत्रातच सहा महिन्यांत पहिले अपील करता येईल असे लिहिले होते, आणि ही मुदत चालू असतानाच तो गृहस्थ आमच्या घरी आला.

तो स्वतःला रेकॉर्ड ऑफिसातला, म्हणजे जवानांच्या सेवेच्या नोंदी ठेवणाऱ्या लष्करी कार्यालयातला, निवृत्त कारकून म्हणवीत असे. सातारा जिल्ह्यात घरटी एक फौजी असलेली गावे कमी नाहीत, आणि अशा गावांमधल्या पेन्शनरांच्या पीपीओच्या (पेन्शन मंजुरीच्या आदेशाच्या) झेरॉक्सने त्याची बॅग फुगलेली असे. बंधूंच्या डाव्या बाजूला खुर्ची ओढून, तोंड त्यांच्याकडे करून तो सावकाश बोले, कारण त्या कानाला थोडे बरे ऐकू येते हे त्याने पहिल्याच भेटीत हेरले होते. वहिनींना त्याचे हे वागणे फार भावले. “हवालदारसाहेब, तुमचे २० टक्के मी ५० करून आणतो, प्रयागराजला आपला माणूस बसलाय,” असे तो सांगे. लष्करी पेन्शन मंजूर करणारे कार्यालय प्रयागराजला आहे.

प्रत्यक्षात २० चे ५० करण्यासाठी कोणाचाही माणूस कोठेही बसावा लागत नाही. अपंगत्व ५० टक्क्यांपेक्षा कमी असल्यास ५०, ५० ते ७५ असल्यास ७५ आणि त्याहून अधिक असल्यास १०० टक्के धरावे, हा सरकारचाच नियम १ जानेवारी १९९६ पासून लागू आहे. सेवेची मुदत पूर्ण करून निवृत्त झालेल्यांनाही त्याचा लाभ मिळाला पाहिजे, हे सर्वोच्च न्यायालयाने रामअवतार प्रकरणात डिसेंबर २०१४ मध्ये स्पष्ट केले. १०० टक्के अपंगत्वाला शेवटच्या वेतनाच्या ३० टक्के रक्कम मिळते. म्हणजे २० टक्क्यांना जे वेतनाच्या ६ टक्के झाले असते ते ५० धरल्यावर १५ टक्के होते. हा फरक तो स्वतःच्या ओळखीचा प्रताप म्हणून विकत होता.

खरी अडचण टक्क्यांची नव्हतीच, ती बोर्डाच्या शेऱ्याची होती, आणि त्याबद्दल या गृहस्थाने कधी चकार शब्द काढला नाही. भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल तर नंतर उद्भवलेला आजार सेवेमुळेच झाला असे गृहीत धरावे आणि तसे नसल्याचे सिद्ध करण्याची जबाबदारी जवानावर नव्हे, तर सरकारवर असते, हे धरमवीर सिंग प्रकरणात २०१३ मध्येच ठरलेले आहे. भरतीच्या वेळी धडधाकट असलेल्या तोफखान्यातील माणसाचे कान सेवेत असताना गेले, एवढा साधा मुद्दा अपिलात नीट मांडायचा होता.

त्याने मात्र शंभर रुपयांच्या स्टॅम्पपेपरवर मिळणाऱ्या फरकाच्या ४० टक्के रकमेचा करार लिहून घेतला, सह्या केलेले कोरे धनादेश घेतले, खर्चापोटी आगाऊ रक्कम उचलली आणि डिस्चार्ज बुक व मेडिकल बोर्डाचे कागद मूळ स्वरूपात बॅगेत घातले. अपील पाठवल्याचा पुरावा म्हणून स्पीड पोस्टची पावती दाखवली. पुढे पेन्शनचे काम ‘स्पर्श’ या संरक्षण खात्याच्या ऑनलाइन पेन्शन प्रणालीवर गेले, तेव्हा माहिती भरून देतो असे सांगून त्याने बंधूंच्या खात्यावर स्वतःचा मोबाइल क्रमांक नोंदवला.

हे सारे उघडकीस आले ते हयातीच्या दाखल्यामुळे. तालुक्याच्या सेवा केंद्रात ओटीपी काही केल्या येईना, तेव्हा चालकाने नोंदलेल्या क्रमांकाचे शेवटचे आकडे वाचून दाखवले आणि ते घरातल्या कोणाचेच नव्हते. मग आम्ही जुनी पावतीही तपासली. ते टपाल रेकॉर्ड ऑफिसला नव्हे, तर शेजारच्याच तालुक्यातल्या कुठल्याशा पत्त्यावर पोहोचले होते. अपील कधी केलेच गेले नव्हते.

पैसे गेले त्याचे दुःख आहेच, पण वेळ गेला त्याचे नुकसान मोठे आहे. पेन्शनचा दावा उशिरा केला म्हणून हक्क बुडत नाही. मात्र तरसेम सिंग प्रकरणातील २००८ च्या निकालानुसार थकबाकी साधारणपणे दावा दाखल करण्याच्या आधीच्या तीन वर्षांपुरतीच मिळते. आमचा अर्ज सशस्त्र दल न्यायाधिकरणाच्या मुंबई खंडपीठात २०२३ मध्ये दाखल झाला, म्हणजे जिंकलो तरी सुरुवातीच्या सुमारे दोन वर्षांचा फरक हातचा गेलाच. फरकात हिस्सा मागणारा तसा करार समोर आला तर एवढे जाणून असावे, की १८७१ च्या पेन्शन कायद्याच्या कलम १२ प्रमाणे पुढे मिळणाऱ्या पेन्शनच्या रकमेवर आधीच केलेला असा करार रद्दबातल असतो, आणि वकिलालाही निकालाच्या रकमेतील हिस्सा फी म्हणून ठरवण्यास बार कौन्सिलच्या नियमांनी मनाई आहे.

पुढची कामे आम्ही मध्यस्थाशिवाय केली आणि त्यांना खर्च जवळपास आलाच नाही. तोफखान्याचे रेकॉर्ड ऑफिस नाशिक रोडला आहे. तेथे बंधूंच्या सहीने साधा अर्ज करून मेडिकल बोर्डाच्या कागदांची प्रमाणित प्रत मागितली. तसा अर्ज करून उत्तर न मिळाल्यास माहिती अधिकारात दहा रुपये भरून मागता येते. अर्जाचा मसुदा जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात विनामूल्य तपासून मिळाला. ‘स्पर्श’वरील क्रमांक बदलून घेतला, कोऱ्या धनादेशांचे पैसे देऊ नयेत असे बँकेला लेखी कळवले आणि पोलिसांत तक्रार दिली. २१ सप्टेंबर २०२३ नंतर निवृत्त झालेल्यांना मात्र नवे नियम लागू आहेत, त्यांनी आमची आकडेवारी जशीच्या तशी आपल्याला लावू नये.

तक्रारीनंतर त्या गृहस्थाने आमच्या गावात येणे बंद केले, परंतु पलीकडच्या गावांत तो त्याच बॅगेसह अजून फिरतो असे कानावर येते. बंधूंचे मूळ डिस्चार्ज बुक त्याच्याकडेच आहे आणि त्याच्या दुय्यम प्रतीसाठी आम्ही अर्ज केला आहे.