धड आत्याच्या ठकीचं, डोकं भलतंच! रीरूटच्या नावाखाली ८,५३० ला गंडवलं

लिहू की नको असं पंधरा दिवस चाललं होतं, कारण बाहुलीच्या केसांपायी ८,५३० रुपये गेले म्हटल्यावर घरचेच हसले, बाहेरचे काय सोडणार. पण तो माणूस अजून ऑर्डरी घेतोय, म्हणून लिहिते.

बाहुली आत्याची. १९६४ ला तिचा बोटीवरचा मामा घेऊन आला होता, जपानमध्ये बनलेली पोनीटेलवाली बार्बी, आमच्या घरात तिचं नाव ठकी. सात वर्षांच्या आत्याने कपाळावरची कुरळी बट कात्रीने उडवलेली आणि बाकीच्या केसांचा साठ वर्षांत पार गठ्ठा. मी हौसेने बाहुल्यांचे केस करते, स्ट्रॉवर बटा गुंडाळून वरून गरम पाणी ओतलं की कर्ल बसतात, एवढं मला येतं. पण रीरूट म्हणजे डोक्याच्या एकेका भोकात सुईने केसांचा नवीन पुंजका, म्हणजे प्लग, भरायचा, डोक्याचं जुनं व्हायनल (मऊ प्लास्टिक) फाटलं की खेळ खल्लास, आणि माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालेलं. म्हणून दुसऱ्याकडे दिली, अक्कल गहाण टाकली होती म्हणून नव्हे.

इन्स्टावर सापडला. नवी मुंबईत सीवूड्सला राहतो म्हणाला, बोलणं एकदम गोड, ताई टेन्शन घेऊ नका, बाळासारखी सांभाळतो. वाशी स्टेशनच्या तिकीट खिडकीपाशी ठकी त्याच्या हातात दिली. घर बघितलं नाही, फ्लॅट नंबर विचारला नाही (तुम्ही विचारा, राग आला तर येऊ दे त्याला). ॲडव्हान्स २,५००. मग ओरिजिनलसारखं सरान (जुन्या बार्बीच्या केसांचा प्लास्टिकचा धागा) बाहेरून मागवायचं म्हणून ३,८५०. बटेला जास्त प्लग लागले म्हणून १,४००. परत पाठवायला कुरिअर आणि इन्शुरन्सचे ७८०, ज्याची पावती आजतागायत आलेली नाही. सगळं जीपेवर, दर वेळी समोर नाव वेगळं, एकदा तर मोबाईल कव्हरच्या दुकानाचं, आणि मी मित्राचं दुकान असेल म्हणून पिन दाबला.

आता ज्याने माझी झोप उडवलीय ते सांगते. त्या काळच्या बार्बीच्या कानातल्यांच्या धातूमुळे कान हिरवे पडतात, या नादातल्या सगळ्यांना माहितीये. ठकीचा डावा कान तर गालापर्यंत हिरवा. दिल्यावर तिसऱ्याच दिवशी त्याने फोटो पाठवला, जुने केस काढलेलं टक्कल, आणि कान लख्ख. मी विचारलंसुद्धा! तर म्हणे पिंपल्सची क्रीम लावली. त्या क्रीममधल्या बेन्झॉइल पेरॉक्साइडने तो डाग फिका होतो हे खरंय, पण परत परत लावायचं, उन्हात ठेवायचं, आठवडे जातात, तीन दिवसांत नाही. आणि महिना जुलै. ठाण्यात ऊन दिसलं नव्हतं, आमचे टॉवेल कुबट येत होते, आणि याच्याकडे सीवूड्सला कान उजळला? हे सगळं मला माहिती होतं हो. आणि मी काय टाइप केलं, तर "वा मस्त" आणि दोन बदाम.

कुरिअरने बाहुली परत आली, आत्याने हातात घेतली आणि दोन मिनिटांत सांगितलं. मानेमागे तिने लहानपणी बॉलपेनने काढलेला निळा ठिपका होता, तो गायब. "अगं, धड ठकीचं आहे, हे डोकं कुणाचं आणलंस?" १९९४ ला बार्बीला ३५ वर्षं झाली तेव्हा जुन्या चेहऱ्याची रिप्रॉडक्शन निघाली होती, तसलंच काहीतरी असणार. चार केस उपटून साबणाच्या पाण्यात बुडवले. सरान जड, तळाला जातं. हे वर आले, म्हणजे पॉलीप्रॉपिलीन, हलकं प्लास्टिक, म्हणजे ३,८५० पण तरंगले. ही टेस्ट पैसे देण्याआधी करा, सँपल मागून.

फोन केला तर ब्लॉक. सीवूड्सला बिल्डिंगवर गेले, वॉचमनला नावही माहीत नाही. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर विचारलं, ओटीपी दिला का, लिंक दाबली का, नाही? मग काम तर करून मिळालंय ना मॅडम. बँक म्हणाली पिन तुम्हीच टाकलात. सायबर तक्रारीच्या पोर्टलवर कॅटेगरी कुठली निवडायची यातच अर्धा तास गेला. ठाण्यातल्या चौकीत आधी दोघांनी एकमेकांकडे बघून हसून घेतलं, मग म्हणे वस्तू वाशीला दिली ना, तिकडे जा. तिकडचे म्हणाले पैसे ठाण्यातून गेले, तिकडे जा. झिरो एफआयआर, म्हणजे हद्द कुणाचीही असो, तक्रार नोंदवून घ्यायची, असं काही असतं ना विचारलं तर "टीव्ही कमी बघत जा". अहो, ट्रान्स हार्बरच्या लोकलने ठाणे-वाशी चार फेऱ्या झाल्या माझ्या! आणि शेवटी डोकं बदलल्याचा पुरावा काय, म्हणे. माझ्याकडे फोटो आहेत, पण सगळे समोरून, नटवून काढलेले. तुम्ही कान, मान, तळपाय, डाग सगळ्याचे काढा आणि देण्याआधी त्यालाच व्हॉट्सॲप करा. कुरिअर उघडताना व्हिडिओ चालू ठेवा. आणि पेमेंटला नाव वेगळं दिसलं की थांबा, तिथेच.

गेल्या आठवड्यात भाचीने त्याचं नवीन अकाउंट शोधून दिलं. त्यात आमची ठकी, डावा कान हिरवा, खाली "सोल्ड". मी कलर प्रिंट काढल्या, १० रुपयाला एक, आणि चौकीत गेले. साहेब गणपतीच्या बंदोबस्ताला गेलेत, विसर्जन झालं की या म्हणाले.