पासपोर्ट आणि एक्सप्रेस-सेशन: अभ्यासिकेच्या ॲपवर काही महिने वापरल्यानंतर

पुण्यातल्या एका अभ्यासिकेचं जागा बुक करायचं वेब ॲप मी सांभाळतो. सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवणारं नोड, त्यावरची वेब ॲपची चौकट एक्सप्रेस, डेटाबेस म्हणून पोस्टग्रेस आणि पुढे येणाऱ्या रिक्वेस्ट झेलणारा एन्जिनएक्स सर्व्हर, एवढाच संसार. वापरणारी बहुतेक मुलं एमपीएससीची तयारी करणारी. पासवर्ड विसरणं हा त्यांचा आणि माझा सामाईक ताप होता, म्हणून ‘गूगलने लॉगिन करा’ हे बटण आणलं. त्यासाठी लॉगिन करून घेणारी पासपोर्ट ही लायब्ररी, तिची गूगल स्ट्रॅटेजी (एकेका लॉगिन-मार्गाचा जोडभाग), कोण लॉगिन आहे ते लक्षात ठेवणारं, म्हणजेच सेशन सांभाळणारं एक्सप्रेस-सेशन आणि ही सेशन पोस्टग्रेसमध्ये साठवायला कनेक्ट-पीजी-सिंपल अशी जुळणी केली. परीक्षेच्या मोसमातली गर्दी तिच्यावरून जाऊन आली आहे, तेव्हा आता बोलायला हरकत नाही.

निकाल आधीच सांगतो. ‘हा माणूस कोण’ एवढं विचारून घेण्याचं काम पासपोर्ट चोख करतं. त्यानंतरचं सगळं तुमच्या गळ्यात, आणि त्याची कल्पना कागदपत्रं वाचून येत नाही.

गूगलचा भाग खरंच एका बैठकीत झाला. गूगल क्लाउड कन्सोलमध्ये क्लायंट (आपल्या ॲपची नोंद) तयार करायचा, परतीचा, म्हणजे लॉगिननंतर माणूस जिथे परत येतो तो पत्ता अक्षरश: जसाच्या तसा नोंदवायचा (शेवटची तिरकी रेघ कमी-जास्त झाली तरी गूगल दारातून परत पाठवतं), आणि ओपनआयडी, ईमेल, प्रोफाइल एवढेच स्कोप (परवानग्या) मागायचे. एवढ्यावर भागत असेल तर ड्राइव्ह, जीमेलच्या स्कोपना लागणारी पडताळणी मागे लागत नाही. ॲक्सेस टोकन, म्हणजे गूगलकडून त्या माणसाची माहिती मागायची किल्ली, मी साठवतच नाही. ओळख पटली की त्याचं काम संपलं.

एक गोष्ट मात्र खटकली. गूगलचं लॉगिन ज्या पद्धतीने चालतं त्या ओऑथमध्ये ‘स्टेट’ नावाचं एक मूल्य असतं. लॉगिनला पाठवताना द्यायचं, परत आल्यावर तेच आलं का ते तपासायचं. नाहीतर कुणी दुसऱ्याच खात्याची परतीची लिंक आपल्या वापरकर्त्याच्या माथी मारू शकतं. पासपोर्टची ओऑथ स्ट्रॅटेजी ही तपासणी आपणहून करत नाही, ‘स्टेट’ चालू करा असं तुम्हीच सांगावं लागतं. नेटवरच्या कित्येक ट्युटोरियलमध्ये ती ओळ नसते आणि तरीही लॉगिन छान चालतं. सुरक्षेची गोष्ट मागितल्यावरच मिळावी, हे मला पटत नाही.

आता सेशन. एक्सप्रेस-सेशन सुरुवातीला सगळं मेमरीत ठेवतं आणि प्रॉडक्शनमध्ये (प्रत्यक्ष वापरात) तसं ठेवू नका अशी ताकीदही देतं. सर्व्हर रीस्टार्ट झाला की सगळे लॉगआउट. पोस्टग्रेसमध्ये नेल्यावर ही कटकट मिटते. मुदत संपलेल्या ओळी कनेक्ट-पीजी-सिंपल साधारण दर १५ मिनिटांनी स्वत:च झाडून काढतं. रिकामं सेशनही साठवणारा ‘सेव्ह-अनइनिशियलाइझ्ड’ हा पर्याय मात्र बंदच ठेवा, नाहीतर येणाऱ्या प्रत्येक बॉटची (आपोआप फिरणाऱ्या प्रोग्रामची) एक ओळ टेबलात जमा होत राहते.

सेशनचा आयडी ब्राउझरमध्ये कुकीत राहतो. ही कुकी ‘सिक्युअर’ (फक्त एचटीटीपीएस या सुरक्षित जोडणीवरून जाणारी) ठेवली आणि एचटीटीपीएस एन्जिनएक्सपाशी संपत असेल, तर एक्सप्रेसला ‘ट्रस्ट प्रॉक्सी’ (पुढचा सर्व्हर जोडणीबद्दल सांगतो ते खरं मान) सांगावंच लागतं. नाही सांगितलं तर एक्सप्रेसला वाटतं जोडणी साधीच आहे, आणि कुकी पाठवलीच जात नाही. एरर नाही, लॉगमध्ये काही नाही. माणूस गूगलकडून परत येतो आणि पुन्हा लॉगिनच्याच पानावर उभा! दुसऱ्या साइटवरून येताना कुकी सोबत येऊ द्यायची का, ते ठरवणाऱ्या ‘सेमसाइट’चंही तसंच. ‘स्ट्रिक्ट’ ठेवलं तर गूगलकडून परतताना कुकी सोबत येत नाही आणि स्टेटची तपासणी फसते. ‘लॅक्स’ ठेवा.

पासपोर्टची ०.६ ही आवृत्ती २०२२ मध्ये आली आणि तिने लॉगिन होताच सेशनचा आयडी बदलायला सुरुवात केली. बदल योग्यच होता. आमच्या अभ्यासिकेत दारापाशी सगळ्यांसाठी एक कॉम्प्युटर आहे. तिथली कुकी आधीच कुणी टिपून ठेवली आणि नंतर दुसऱ्याने लॉगिन केलं, तर जुन्या पद्धतीत टिपणाऱ्यालाही आयतं दार उघडं. आता तसं होत नाही. पण त्याचा एक परिणाम असा, की लॉगिनच्या आधी सेशनमध्ये ठेवलेलं सामान जातं. मुलाने खिडकीजवळची जागा निवडली, मग लॉगिन केलं, तर परत आल्यावर निवड गायब. ‘कीप-सेशन-इन्फो’ हा पर्याय दिला की ती टिकते. याच आवृत्तीत लॉगआउट कॉलबॅक (काम झाल्यावर चालवायचं फंक्शन) मागू लागलं, त्यामुळे जुनी उदाहरणं जशीच्या तशी चिकटवली तर चालत नाहीत.

त्या दारापाशीच्या कॉम्प्युटरने आणखी एक धडा दिला. आपल्या ॲपमधून लॉगआउट केलं तरी ब्राउझरमधलं गूगलचं लॉगिन तसंच राहतं. पुढचा मुलगा बटण दाबतो आणि सरळ आधीच्याच्या नावाने आत. गूगलकडे पाठवताना ‘प्रॉम्प्ट’ या पर्यायात ‘सिलेक्ट अकाउंट’ दिल्यावर गूगल निदान कोणतं खातं ते विचारतं. हा अर्धाच उपाय आहे. उरलेला अर्धा म्हणजे कॉम्प्युटरवर चिकटवलेला कागद: ‘गूगलमधूनही बाहेर पडा’.

जुनी पासवर्डची खाती गूगलशी जोडणं हे सगळ्यात किचकट काम, आणि त्यात पासपोर्टची मदत शून्य. ओळख म्हणून ईमेल नव्हे, गूगलने दिलेला कायमचा आयडी साठवायचा, कारण ईमेल बदलू शकतो. ईमेल सारखा दिसला म्हणून आपोआप जोडूनही टाकायचं नाही. आमच्या जुन्या नोंदणीत ईमेलची खातरजमा होत नव्हती, म्हणजे दुसऱ्याचा ईमेल टाकून कुणीही खातं उघडलेलं असू शकतं. म्हणून एकदा जुना पासवर्ड विचारतो, मगच जोडतो. मुलं कुरकुरतात. कुरकुरू देत.

सेशन डेटाबेसमध्ये असल्याचं सुख फोन हरवल्यावर कळतं. ‘सगळीकडून लॉगआउट’ म्हणजे त्या वापरकर्त्याच्या ओळी पुसणारी एक क्वेरी. सेशनऐवजी जेडब्ल्यूटीच (सर्व्हरवर न साठवता वापरकर्त्याकडेच दिलेलं, सही केलेलं टोकन) वापरा असा सल्ला बऱ्याच जणांनी दिला होता. दिलेलं टोकन मुदतीआधी रद्द करायचं तर पुन्हा डेटाबेसच गाठावा लागतो, मग त्यात वाचलं काय? किंमत एवढीच, की प्रत्येक रिक्वेस्टला सेशन आणि वापरकर्ता शोधला जातो. चित्रं, सीएसएस देणारा मिडलवेअर (रिक्वेस्टच्या वाटेवरचा कोडचा टप्पा) सेशनच्या आधी लावला की त्यांच्यापायी होणारा फुकटचा भार उतरतो.

सोशल मीडियाच्या ॲपमध्येच लिंक उघडणाऱ्यांचा प्रश्न अजून येतो. अशा आतल्या वेबव्ह्यूमध्ये (ॲपच्या पोटातल्या ब्राउझरमध्ये) गूगल लॉगिन करूच देत नाही, ४०३ (प्रवेश नाही) हा एरर दाखवतं. धोरण म्हणून ते बरोबर आहे, कारण ते बाहेरचं ॲप टाइप केलेला पासवर्ड वाचू शकतं. मी त्यांना ‘क्रोममध्ये उघडा’ अशी पट्टी दाखवतो.

एक्सप्रेसच वापरत असाल आणि लॉगिनचे एक-दोनच मार्ग हवे असतील तर पासपोर्ट घ्या. फुकट आहे, लहान आहे, कोड उघडून वाचता येतो. ५००हून जास्त स्ट्रॅटेजी असल्याची जाहिरात मनावर घेऊ नका. त्यातल्या बऱ्याच कुणीतरी एकदा लिहून सोडून दिलेल्या आहेत. ॲपलचं बटणही हवं अशी आयफोनवाल्यांची मागणी आहे. पण नाव-ईमेल मागितलं की ॲपल उत्तर लिंकमधून नव्हे, फॉर्म भरल्यासारखं ‘पोस्ट’ (POST) रिक्वेस्टने पाठवतं, त्या वेळी लॅक्स कुकी सोबत येत नाही, आणि स्टेटसाठी निराळी सोय करावी लागते. ते काम पुढच्या परीक्षेनंतर.