चामड्याची दिमडी: एक पावसाळा आणि एक चंपाषष्ठी काढल्यावर

दिमडी म्हणजे वाघ्याच्या, खंडोबाला वाहिलेल्या भक्ताच्या, हातातला छोटा डफ; याहून जास्त सांगत बसत नाही. ज्यांच्या घरी खंडोबाचा कुळधर्म आहे त्यांना बाकीचं ठाऊकच आहे. तक्रार एवढीच की आषाढात माझ्या दिमडीचा आवाज बसला आणि दुकानदार म्हणतो, "हवेचा परिणाम आहे, तो वॉरंटीत येत नाही."

हाताने मढवलेली, शिसवी कडं, बकऱ्याचं कातडं, साडेअठराशे रुपये. वर शिपिंगचे दीडशे वेगळे. त्याच दुकानाच्या ऑनलाइन यादीत हीच दिमडी 'ध्यानसाधनेसाठी शामनिक ड्रम' म्हणून तीन हजारांना लावली आहे. फोटोत फक्त भंडाऱ्याच्या, म्हणजे खंडोबाच्या हळदीच्या, जागी मेणबत्ती. म्हणजे मला स्वस्तात पडली असं समजायचं!

चैत्रात आली तेव्हा आवाजाला नाव ठेवायला जागा नव्हती. कडेला बोट पडलं की 'तड' असा सुटा बोल, मध्ये थाप दिली की घुमारा, आणि डाव्या हाताच्या बोटांनी कडेजवळ दाबलं की सूर वर चढायचा. दर रविवारी तळी भरताना, म्हणजे खंडोबापुढे भंडाऱ्याचं ताट उचलताना, वाजवायला लागलो. घरात आम्ही चौघं. तळी उचलायला विषम माणसं लागतात, म्हणून तिघांनी ताट धरायचं आणि चौथ्याच्या हातात दिमडी. आयतीच सोय झाली.

मग पाऊस लागला. कातडं हवेतली ओल पितं, फुगतं, ताण जातो. 'तड'चं 'भद' झालं. सदानंदाचा येळकोट म्हणायचं आणि मागे ओल्या पुठ्ठ्यावर मारल्यासारखा आवाज. हिला ताणायला नट-बोल्ट नाहीत, कातडं सरळ कड्यावर चिकटवलेलं. म्हणजे उपाय एकच, शेकणं. हलगीवाले जाळ करून शेकतात, फ्लॅटमध्ये जाळ कुठला करणार? तवा तापवायचा, गॅस बंद करायचा आणि वीतभर वरून दिमडी गोल फिरवत राहायचं. एका जागी धरली तर कातडं कडेला तडकतं. नीट शेकली की आवाज परत येतो, पण पावसाळी हवेत आरती संपेपर्यंत पुन्हा उतरतो. हेअर ड्रायरने काम जास्त सारखं होतं. बायकोचं म्हणणं, "अहो, तो केसांसाठी आणलाय, देवासाठी नाही." ड्रायरचं वीजबिल दुकानदाराला पाठवायचा विचार होता.

त्याला तीन वेळा फोन केले. शेवटी म्हणाला, "साहेब, नैसर्गिक वस्तू आहे." मग यादीत 'बारमाही' कशाला लिहिलंय? बारमाही म्हणजे त्यात श्रावण येतो की नाही?

जुने लोक सांगतात, घोरपडीच्या कातड्याची सर कशालाच नाही. ते डोक्यातून काढा. घोरपड १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. कोणी 'ओरिजिनल घोरपड' म्हणून दाखवली तर हातही लावू नका. वाघ्याच्या गळ्यातली भंडाऱ्याची पिशवी पूर्वी वाघाच्या कातड्याची असायची, तीही गेली. देवाचं काही अडलं नाही.

श्रावणात वैतागून फायबरच्या पडद्याची आणली. साडेपाचशे रुपये, धो धो पाऊस असो की ऊन, आवाज तोच. तेव्हा मी चामड्याच्या दिमडीला पाचपैकी दीड गुण देऊन मोकळा होणार होतो.

आता पुढचं लिहितोय ते चंपाषष्ठी, म्हणजे मार्गशीर्षातला खंडोबाचा उत्सव, झाल्यावर. वरचं खोडत नाही, पण गुण बदलतोय.

मार्गशीर्ष शुद्ध प्रतिपदेला घट बसले तोवर हवा कोरडी झाली होती. कपाटावरून चामड्याची दिमडी काढली, तवा नाही, ड्रायर नाही, पहिल्याच बोटाला 'तड'. जागरणाला आलेल्या वाघ्यांनी दोन्ही हातात घेऊन पाहिल्या. फायबरवर चार बोल काढले आणि "ही माइकवर बरी" म्हणून बाजूला ठेवली. मग चामड्याची घेतली. रात्री दहिवर पडायला लागलं तशी थोडी उतरली, तर गाणं न थांबवता त्यांनी ती दिवटीच्या ज्योतीजवळून दोनदा फिरवली. झालं काम. पावसाळाभर मी तव्यावर जे करत होतो ते हेच. पुढे लय चढत गेली आणि आत्या दरवर्षीप्रमाणे घुमायला लागल्या. फायबरवर घुमल्या नसत्या असं मी म्हणणार नाही, पण त्या टणटणीत घुमारा मुळीच नाही.

जाताना ते वाघ्ये म्हणाले, "मालक, पावसाळ्यात हिला भिंतीला टांगू नका. फडक्यात गुंडाळून बाजरीच्या डब्यात ठेवा." येत्या आषाढात करून बघणार. हे त्या दुकानदाराने एका ओळीत लिहून दिलं असतं तर तीन फोन वाचले असते.

सध्या चामडीला पाचपैकी चार. एक गुण कापला तो कडेचा चिकटपट्टा एका जागी सुटतोय म्हणून. फायबरला तीन, जून ते सप्टेंबरसाठी. दुकानदाराला शून्य.

घ्यायचीच तर ऑनलाइन नको. भर पावसात जेजुरीला जा आणि दुकानात स्वतः वाजवून बघा. बसलेली निघाली तर समोर शेकायला सांगा, चहा घेऊन या, परत आल्यावर पुन्हा वाजवा. तोवर आवाज टिकला असेल तरच भावाचं बोला.