जुनी एपिफोन कॅसिनो: गोव्याच्या दमट हवेत घ्यावी का?

पोकळ अंगाची जुनी गिटार गोव्यात टिकत नाही, हा समज कोरीव भरीव लाकडाच्या आर्चटॉपपुरता (फुगीर फळीच्या गिटारीपुरता) बरोबर आहे. एपिफोन कंपनीच्या कॅसिनो या पोकळ इलेक्ट्रिक गिटारीला तो लागू पडत नाही. कॅलामझूच्या गिब्सन कारखान्यात 1961 पासून 1970 च्या सुमारापर्यंत बनलेल्या या गिटारीचं अंग मेपलच्या प्लायचं आहे. थर एकमेकांना आडवे चिकटवलेले असल्याने पावसाळ्यातही फळी सहसा तडकत नाही. इथल्या खाऱ्या, ओल्या हवेचा खरा मार बसतो तो सरसाला, धातूला आणि वायरिंगला. पॉलिशची चकाकी पाहून सौदा करू नका, या तीन गोष्टी तपासा.

आधी आवाज. गिब्सनच्या ईएस-335 सारखा मधे लाकडी ठोकळा नाही, पी-90 जातीचे पिकअप (तारांचा कंप टिपणारी चुंबकी गुंडाळी) दोन. त्यामुळे ठोका कोरडा, मोकळा येतो आणि मधले सूर पुढे राहतात. तियात्रात (कोकणी संगीत नाटकात) कांतारामागे, म्हणजे गाण्यामागे, ट्रम्पेट-सॅक्सोफोन वाजत असताना हीच गिटार स्पष्ट ऐकू येते. शॅकमधल्या मोठ्या आवाजात मात्र ती शिट्टी मारते. अ‍ॅम्पकडे तोंड करून उभं राहू नका, बास कमी करा, एफ-होलमध्ये मऊ फोम बसवा. एवढ्यानं बहुतेक काम भागतं.

घेताना पहिली नजर मानेच्या सांध्यावर. मान आणि अंग सरसानं जोडलेलं असतं. उन्हात बंद गाडीत ठेवलेल्या गिटारीचा सरस मऊ पडतो आणि मान पुढे झुकते. ब्रिज (तारा टेकतात तो अंगावरचा आधार) तळापर्यंत उतरवूनही बाराव्या फ्रेटवर तार 2.5 मिमीच्या वर राहत असेल, तर मान काढून पुन्हा बसवावी लागणार. ब्रिजखाली पट्टी आडवी धरून वरची फळी खचली आहे का तेही बघा. साल ठरवताना सिरियल नंबरवर विसंबू नका, 1963 ते 1969 मध्ये तेच नंबर पुन्हा वापरले गेले. पॉटच्या (नॉबखालच्या आवाज-टोन नियंत्रकाच्या) पाठीवरचा आकडा जास्त भरवशाचा: 1376523 म्हणजे सीटीएस कंपनी, 1965 चा तेविसावा आठवडा. गिटार त्यानंतरचीच, अर्थात पॉट मूळचा असेल तर. 1965 नंतर नट (मानेच्या टोकाची, तारांच्या खाचांची पट्टी) अरुंद होत गेला. जाड बोटांच्या वादकानं त्याआधीची शोधावी. परदेशातून आणताना फ्रेटबोर्ड ब्राझिलियन रोझवूडचा आहे का ते आधी विचारा. ते लाकूड 1992 पासून साइट्स या दुर्मिळ जीवजातींच्या व्यापारावरील आंतरराष्ट्रीय कराराच्या पहिल्या परिशिष्टात आहे, परवान्याशिवाय मागवू नका.

आता देखभाल. केसमध्ये आर्द्रता 45 ते 55 टक्के हवी. जून ते सप्टेंबर बाहेर ती 85 च्या वर जाते, तेव्हा आर्द्रता 49 टक्क्यांवर धरणाऱ्या तयार पुड्या ढिल्या झाकणाच्या जुन्या केसमध्ये लवकरच भरून जातात. त्यापेक्षा रंग बदलणारी सिलिका जेल, 200 ग्रॅमच्या दोन कापडी पिशव्या. निळी गुलाबी झाली की दाणे ताटात पसरून ओव्हनमध्ये 110-120 अंशांवर दोन तास सुकवा, निवल्यावर पुन्हा भरा. हायग्रोमीटर केसमध्येच ठेवा आणि काटा 45 खाली गेला की एक पिशवी काढा, नाहीतर फ्रेटबोर्ड आकसून फ्रेटची टोकं बोटांना टोचू लागतात. हायग्रोमीटर खरा आहे का? झाकणात ओलसर मीठ घ्या, दोन्ही हवाबंद पिशवीत रात्रभर ठेवा, 75 दाखवला पाहिजे.

बुरशीचे पांढरे ठिपके आले तर कोरड्या सुती फडक्यानं पुसा, उरलं तर किंचित नॅफ्था (लायटरचं द्रव). सिलिकॉनचं पॉलिश जुन्या लॅकरला लावूच नका, पुढे दुरुस्ती करताना नवं लॅकर त्यावर धरत नाही. रबराचा स्टँडही लॅकर खातो.

खरखर हा इथला नेहमीचा आजार. एफ-होलमधून नळीनं पॉटमध्ये कॉन्टॅक्ट क्लीनरचे दोन थेंब सोडा, नॉब तीसेक वेळा फिरवा. एवढ्यानं गेलं नाही तर सगळी वायरिंग बाहेर काढावी लागते. पॉटचे नट सोडण्याआधी प्रत्येक पॉटच्या दांड्यावर मासळीच्या टाकीची पातळ नळी घट्ट बसवा आणि तिचं दुसरं टोक बाहेर ठेवा. परत घालताना तीच ओढून पॉट आपल्या भोकात आणता येतो. ही युक्ती माहीत नसलेला कारागीर एफ-होलची कड सोलतो, म्हणून काम देण्याआधी हे विचाराच. मूळ पॉट 500 किलो-ओहमचे असतात, बदललेच तर तेच मूल्य ठेवा आणि जुने फेकू नका, विकताना त्यांना किंमत आहे.

पी-90 थोडा गुणगुणतोच. तारांना हात लावल्यावर गुणगुण कमी झाली तर ठीक. फरकच पडत नसेल तर टेलपीसखालची (तारांची मागची टोकं अडकतात त्या भागाखालची) अर्थची तार गंजलेली असते. ती खरवडून पुन्हा लावा. घरच्या सॉकेटचं अर्थिंग मात्र वायरमनकडून तपासून घ्या, तिथे तडजोड नको.

तारा 11-49 निकेलच्या, एकेक करून बदला. ब्रिज फळीतल्या दोन खांबांवर नुसता टेकलेला असतो, सगळ्या तारा एकदम काढल्या की तो निसटतो. त्यावरची सॅडल (प्रत्येक तारेखालचे सरकते तुकडे) हलली असतील तर नटपासून बाराव्या फ्रेटपर्यंतचं अंतर, साधारण 31.4 सेंमी, मोजा. पहिल्या तारेचं सॅडल बाराव्यापासून तेवढ्याच अंतरावर, किंचित मागे ठेवा आणि मग ट्यूनरवर बाराव्या फ्रेटचा सूर जुळवा.