उच्च शिक्षण प्रशासनाचा पीजी डिप्लोमा (डिस्टन्स), ३ स्टार
कॉलेजच्या ऑफिसात नोकरी करता करता जमेल म्हणून घेतला, विद्यापीठाचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये. गव्हर्नन्सचा पेपर एकदम भारी, सिनेट, मॅनेजमेंट काउन्सिल, अकॅडमिक काउन्सिल या विद्यापीठाच्या मंडळांत नेमकं कोण काय ठरवतं ते नीट डोक्यात शिरलं, नाहीतर आपण नुसती परिपत्रकं फायलीला लावत बसतो. पण पॉलिसीच्या नोट्स फारच जुनाट हो! कोठारी शिक्षण आयोग, १९८६ चं शिक्षण धोरण, आणि खेळ खल्लास. २०२० चं धोरण, महाराष्ट्राचा २०१६ चा विद्यापीठ कायदा, सगळं स्वतःच शोधून वाचा. इग्नू या मुक्त विद्यापीठाचं ई-ज्ञानकोश हे ऑनलाइन नोट्सचं भांडार फुकट आहे, तिथे बरंच सापडतं. नॅकच्या (कॉलेजांचं मूल्यांकन करणारी संस्था) फायलींत अडकलेल्यांनी जरूर घ्या, प्रमोशनसाठी घेणार असाल तर आधी आस्थापना विभागात विचारा, हा डिप्लोमा धरतात का ते.